आमच्या दोन खाचरांतला मिथेन

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमच्या घराकडे भाताची दोन खाचरे आहेत. एक वरच्या अंगाला, जांभ्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेल्या कुरयाटीत. दुसरे खाली, वहाळाच्या कडेच्या पाणथळीत. एकातून दुसऱ्यात जायला पाच मिनिटेही लागत नाहीत. बियाणे एकाच पोत्यातले, तरवा एकाच ठिकाणी वाढवलेला, लावणी एकाच आठवड्यातली आणि राबणारी माणसेही तीच. तरीही जुलैच्या अखेरीस बेणणीला उतरले की या दोन खाचरांतला फरक डोळ्यांच्या आधी पायांना कळतो. वरच्या खाचरात पाय घोट्यापर्यंत जातो आणि खाली घट्ट, पिवळसर तांबूस माती लागते. खालच्या खाचरात तो पोटरीपर्यंत रुततो, आतला चिखल राखाडी निळसर असतो, आणि पाऊल उपसताना त्या खड्ड्यातून बुडबुड्यांची एक रांग वर येऊन पाण्यावर फुटते.

काका या खाचराविषयी नेहमी एकच शब्द वापरतात. "खालचं फसफसतं. पाला कुजला की असंच होतं." त्यांनी हे निदान कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही, पण ते बरोबर आहे. त्या बुडबुड्यांत नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड यांच्या जोडीला मोठ्या प्रमाणात मिथेन असतो. १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी गाळ ढवळून वर येणारा वायू गोळा केला आणि तो पेटतो हे दाखवले, तोच हा वायू. हवेत तो साधारण एक तपभर टिकतो. मात्र तेवढ्या काळात त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद मोठी असते: शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. माणसाच्या कृतींतून जगभर जो मिथेन हवेत जातो, त्याचा सुमारे ८ टक्के भाग भातशेतीतून येतो असे मानले जाते.

हा विषय मी विद्यार्थिदशेत मृदाशास्त्राच्या अभ्यासात शिकलो होतो. त्यावर सविस्तर लिहावे असे वाटले ते मात्र दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगामुळे. कार्बन क्रेडिटचे काम करणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्या वाडीत आला होता. भाताच्या शेतात पाणी कमी ठेवा, त्यातून वाचलेल्या मिथेनचे पैसे मिळतील, असे त्याचे सांगणे होते. त्याच्याजवळ एक छापील तक्ता होता आणि त्यात एकरी मिथेनचा एकच आकडा दिलेला होता. कुरयाटीचा आकडा कोणता आणि पाणथळीचा कोणता, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "भात म्हणजे भात, काका." मला त्या तरुणाचा राग आला नाही, कारण त्याला जे शिकवले होते तेच तो सांगत होता. पण हे वाक्य मनात सलत राहिले, कारण याच समजुतीने एकदा सगळ्या देशाचा हिशेब चुकवला होता.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतातल्या भातशेतीतून दर वर्षी ३७.८ दशलक्ष टन मिथेन बाहेर पडतो असा अंदाज मांडला. हा अंदाज प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातल्या थोड्या शेतांवरची मोजणी आपल्या क्षेत्रफळाला लावून काढलेला होता. त्या शेतांत पाणी कालव्याने भरलेले आणि हंगामभर अडवून धरलेले असते. १९९१ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशाच्या वेगवेगळ्या भातपट्ट्यांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम काढण्यात आली. तिच्यातून निघालेला आकडा होता सुमारे ४ दशलक्ष टन, म्हणजे परदेशी अंदाजाच्या जवळपास नवव्या हिश्श्याइतका. पुढच्या काळातल्या अधिक काटेकोर मोजण्यांतूनही आकडा चार दशलक्ष टनांच्या आसपासच राहिला. हवामानाची जागतिक बोलणी सुरू होत असतानाच्या त्या दिवसांत एका चुकीच्या गुणाकारामुळे गरीब शेतकऱ्याच्या माथी केवढा भार आला असता, याची कल्पना केली तरी अस्वस्थ व्हायला होते. मोजणाऱ्यांनी चिखलात उतरून मोजले, म्हणून तो टळला.

एकाच पिकाच्या दोन शेतांत इतका फरक कशामुळे पडतो, हे समजायला चिखलाच्या आत काय चालते ते पाहावे लागते. कोरड्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा खेळती असते. पालापाचोळा, मेलेली मुळे आणि मुळांतून पाझरणारे गोड द्रव यांवर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव त्या हवेतला प्राणवायू वापरून आपले अन्न जाळतात. खाचर चिखलून पाण्याने भरले की हवेची वाट बंद होते, कारण पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीत अडकलेला प्राणवायू काही तासांत, फार तर दोनएक दिवसांत संपतो. अन्न मात्र शिल्लक असते आणि खाणारेही असतात. मग जे जीव प्राणवायूऐवजी दुसरे काही वापरू शकतात, त्यांचा क्रम लागतो. आधी नायट्रेट वापरणारे, मग मँगनीज वापरणारे, त्यांच्यामागून मातीतला गंज, म्हणजे लोहाची ऑक्साइडे वापरणारे, आणि त्यानंतर सल्फेट वापरणारे.

मिथेन तयार करणारे जीव या पंगतीत अगदी शेवटी बसतात. ते जिवाणूंपेक्षा वेगळ्या, आर्किया नावाच्या अतिप्राचीन गटातले आहेत आणि प्राणवायूचा स्पर्शही त्यांना सोसत नाही. कुजण्यातून तयार होणारे ॲसिटेट आणि हायड्रोजन हे त्यांचे अन्न. हेच अन्न लोहवाल्यांना आणि सल्फेटवाल्यांनाही हवे असते, आणि त्यातून अधिक ऊर्जा मिळवण्याची सोय त्यांच्याकडे असल्यामुळे ते आधी वाढून घेतात. लोह आणि सल्फेट संपत आले, ही उणीव किती वाढली ते दाखवणारा, मातीत खोचलेला इलेक्ट्रोड उणे १५० मिलिव्होल्टच्या खाली उतरू लागला, की शेवटच्या पंक्तीला पान मिळते आणि मिथेन निघू लागतो. पाण्याखालच्या मातीचे हे रसायन ज्यांनी नीट उलगडून मांडले, त्यांत फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम केलेले श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नमपेरुमा यांचे नाव अग्रभागी येते. १९७२ साली त्यांनी या विषयाचा जो आढावा घेतला, तो आजही या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा दिला जातो.

आता आमच्या वरच्या खाचराकडे पुन्हा यावे. तिथली माती जांभ्याची आहे, म्हणजे तिच्यात गंज भरपूर आहे. पंगतीचा विचार केला तर या मातीत लोहवाल्यांची पंगत फार वेळ चालते. लावणीनंतर कित्येक दिवस त्यांचेच जेवण सुरू असते आणि तोवर मिथेनवाल्यांना ताटकळत राहावे लागते. एवढ्यात श्रावणातली उघडीप येते, उथळ जमिनीतून पाणी झिरपून जाते, एक-दोन दिवस चिखल उघडा पडतो आणि हवा आत शिरते. वापरले गेलेले लोह हवेच्या स्पर्शाने पुन्हा गंजते. म्हणजे संपत आलेली शिधासामग्री पुन्हा भरली जाते आणि पाणी आल्यावर लोहवाल्यांची पंगत नव्याने बसते. मला या साऱ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शेत तीन दिवस सुकले तर मिथेन फक्त तीन दिवसांपुरता थांबत नाही. पाणी परत भरल्यानंतरही, लोह पुन्हा संपेपर्यंत, तो दबलेला राहतो. सुकवण्याचा फायदा सुकवण्याच्या दिवसांपेक्षा लांब पुरतो तो यामुळे.

हे डोळ्यांनी पाहता येते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी दोन्ही खाचरांतून भाताचा एकेक चूड मुळांसकट उपटून वहाळाच्या पाण्यात धुतला आणि दोन्ही शेजारी शेजारी बांधावर ठेवले. वरच्या चुडाची मुळे तांबूस होती, जणू प्रत्येक मुळावर गेरूचा हात दिला आहे. ती तांबूस पूड म्हणजे मुळांतून बाहेर झिरपलेल्या प्राणवायूने जागच्या जागी गंजलेले लोह. खालच्या चुडाची काही मुळे तशीच तांबूस होती, पण बरीचशी काळी पडलेली होती आणि त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हा वास सल्फाइडचा. म्हणजे त्या चिखलात लोहाची पंगत उठून सल्फेटवाल्यांचीही जेवणे होत आली होती आणि मिथेनवाल्यांना मोकळे रान मिळाले होते.

खालच्या खाचरातले लोह कुठे गेले, असा प्रश्न वाचकाला पडेल, कारण तेही जांभ्याच्याच पायथ्याशी आहे. खरे तर तिथे लोह कमी नाही. बांधाच्या आतल्या कडेला डोंगरातून पाणी पाझरते आणि तिथे पाण्यावर तेलाचा तवंग असावा तशी निळी-जांभळी साय धरलेली दिसते. अनेकांना ते डिझेल वाटते. बोट लावले की खरे काय ते कळते: तेलाचा तवंग बोट काढताच पुन्हा मिटतो, लोहाची साय मात्र काचेसारखी तडकते आणि तिचे तुकडे वेगळे तरंगत राहतात. पण हे लोह पाण्यात विरघळून, म्हणजे आधीच वापरले जाऊन खाली आलेले असते. हवेशी गाठ पडून ते पुन्हा गंजल्याशिवाय पंगतीला त्याचा काही उपयोग नाही, आणि पाणथळीत ती गाठ फक्त पृष्ठभागावरच्या पातळ थरात आणि मुळांच्या अवतीभवतीच पडते. म्हणून मातीत लोह किती आहे एवढे विचारून भागत नाही. ते गंजलेल्या रूपात किती आहे आणि त्याला पुन्हा गंजायची संधी किती वेळा मिळते, हे विचारावे लागते.

सल्फेटचाही असाच प्रभाव असतो आणि तो खाडीकाठच्या माणसांना ओळखीचा वाटेल. रायगड-रत्नागिरीच्या खारजमिनींत आणि गोव्याच्या खाजणांत समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येत असते. बांधबंदिस्ती करून आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन तिथे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले किंवा पारंपरिक खारे भात घेतात. अशा मातीत सल्फेटवाले जीव अन्न आधी उचलतात, त्यामुळे मिथेन सहसा कमी निघतो. खतांपैकी अमोनियम सल्फेट आणि जमीन सुधारण्यासाठी घातलेले जिप्सम यांचाही परिणाम याच वाटेने होतो. नत्र खतांचा एकंदर परिणाम मात्र गुंतागुंतीचा आहे, त्यात इथे शिरत नाही.

चिखलात तयार झालेला सगळा मिथेन हवेत जात नाही, ही त्यापुढची गोष्ट. भाताची काडी बुंध्याजवळ आडवी कापून उजेडाला धरली तर तिच्या सालीत बारीक पोकळ्यांचे कडे दिसते. पाण्यात उभे राहूनही मुळांना श्वास घेता यावा म्हणून भाताने ही नळ्यांची व्यवस्था केलेली आहे. याच नळ्यांतून खालचा मिथेन वर येतो. पीक भरात असताना शेतातून बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत भाग या वाटेने जातो असे मोजण्यांत आढळले आहे. बुडबुड्यांचा वाटा त्या मानाने लहान असतो, आणि पाण्यातून विरघळून वर येणारा मिथेन तर अगदी थोडा. म्हणजे आम्हाला जे फसफसणे दिसते ते खऱ्या उत्सर्जनाची केवळ खूण आहे. मोठा प्रवाह काहीही न दिसता, न ऐकू येता हिरव्यागार पातींमधून चालू असतो. पण त्याच नळ्यांतून प्राणवायू खाली उतरतो आणि मुळांच्या भोवती, तसेच पाण्याखालच्या मातीच्या वरच्या काही मिलिमीटरच्या थरात, मिथेन खाऊन जगणारे जिवाणू पोसतो. ते तयार झालेल्या मिथेनचा बराच भाग वाटेतच संपवतात. शेत थोडे सुकले तर या जिवाणूंचे क्षेत्र वाढते. पाणी उतरण्याचा फायदा असा दोन्ही बाजूंनी होतो: तयार होणे कमी, आणि वाटेत संपणे जास्त.

तापमानाविषयी थोडक्यात. मिथेन तयार करणाऱ्या जीवांना ३० ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब सर्वांत मानवते. म्हणून एकाच दिवसात दुपारी मिथेन जास्त आणि पहाटे कमी निघतो. शिकत असताना आम्ही एका प्रयोगात भाताच्या चुडांवर ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी उपडी ठेवून दर दहा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढत असू. तेव्हा सकाळी काढलेला आकडा दिवसभरासाठी धरायचा नाही, ही सक्त ताकीद होती. सिंधुदुर्ग आणि गोव्यात हिवाळ्या-उन्हाळ्यात घेतात त्या वायंगणी भातात हा घटक विशेष जाणवायला हवा, कारण ते पीक जानेवारीच्या थंडीत लहान असते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात, अडवलेल्या पाण्यात, पोटरीला येते, म्हणजे कणीस धरू लागते. पूर्व विदर्भातल्या उन्हाळी धानाच्या बांध्यांनाही हेच लागू पडते. तिथे पाणी कालव्याचे किंवा बोअरचे असते आणि पाऊस मध्ये येत नाही. पाणी चालू-बंद करणे शेतकऱ्याच्या हातात असल्यामुळे मिथेन कमी करण्याची खरी संधी अशाच जागी आहे.

या सगळ्यात ज्या घटकावर घरोघरी निर्णय होतो तो म्हणजे शेतात जाणारा कुजका-अनकुजका माल. शेवटच्या पंक्तीला पान मिळाले तरी वाढायला अन्न लागतेच. पूर्वी आमच्याकडे पेंढ्याची काडी शेतात उरत नसे. गोठ्यात चार बैल आणि दोन म्हशी होत्या, आणि पेंढ्याची उडवी मेअखेरपर्यंत रिकामी होई. आता गोठ्यात एकच गाय आहे आणि नांगरणी पॉवर टिलरने होते. काही घरांचा पेंढा खाचरातच पडून राहतो आणि पहिल्या पावसानंतर, लावणीच्या तोंडावर, चिखलात तुडवला जातो. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने देशोदेशींच्या हिशेबासाठी जी सूत्रे दिली आहेत, त्यांनुसार हेक्टरी पाच टन कोरडा पेंढा पाणी भरण्याआधीच्या तीस दिवसांत मातीत घातला तर मिथेन जवळजवळ तिप्पट होतो. तोच पेंढा त्याहून बराच आधी घातला, म्हणजे हवेत कुजू दिला, तर वाढ सुमारे दीडपटच राहते. पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा परिणामही असाच सौम्य असतो. पेंढा तोच, माती तीच, फरक फक्त महिन्याचा.

यात मला एक अडचण दिसते आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. कोकणात चारसूत्री भात लागवडीचा प्रसार गेली अनेक वर्षे झाला आहे आणि तिच्यात गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी गाडायला सांगतात. आमच्या बांधांवर गिरिपुष्प आहे आणि त्याच्या पाल्याने पीक सुधारल्याचे मी स्वतः पाहिले आहे. जांभ्याच्या निकृष्ट मातीला सेंद्रिय मालाची नितांत गरज आहे. पण हा हिरवा पाला पाणथळीतल्या मिथेनवाल्यांचेही ताजे अन्न आहे. माझा स्वतःचा निर्णय असा की पाला कुरयाटीत चिखलणीला गाडावा, कारण तिथे लोह आणि निचरा दोन्ही राखण करतात, आणि खालच्या खाचराला कुजलेले शेणखत द्यावे. याला मी कुठल्याही प्रयोगाचा आधार देऊ शकत नाही. वर सांगितलेल्या रसायनावरून काढलेला हा निष्कर्ष आहे.

राब भाजण्याविषयीही, म्हणजे तरव्याच्या जागेवर पाला आणि शेण पसरून जाळण्याविषयीही, विचारणा होते. राबात पाला आणि शेण जळून जातो, त्यामुळे त्याचे मिथेन होत नाही हे खरे. पण धुराचा आणि तोडलेल्या झाडोऱ्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो मिथेनच्या खात्यात लपवता येत नाही.

आता एकदा आकड्यांत पाहू. त्याच आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या सुधारित सूत्रांत दक्षिण आशियासाठी, हंगामभर पाणी भरलेल्या आणि बाहेरचा सेंद्रिय माल न घातलेल्या शेताला, हेक्टरी रोज ०.८५ किलो मिथेन धरला आहे. निमगरव्या, म्हणजे मध्यम मुदतीच्या, भाताचे १२० दिवस धरले तर हंगामाला हेक्टरी १०२ किलो होतात. हेक्टरात जवळपास ९९ गुंठे असतात, म्हणजे गुंठ्याला हंगामात साधारण एक किलो मिथेन. हा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण गुंठा आम्हाला पावलांनी माहीत असतो. पावसावरच्या शेताला, जिथे पाणी कधी भरते कधी उतरते, याच सूत्रांत ०.५४ ने गुणायला सांगितले आहे, म्हणजे गुंठ्याला अर्धा किलोच्या थोडे वर. पावसाचा ताण पडणाऱ्या शेताला तर ०.१६ चा गुणक आहे. लावणीच्या आधी शेत १८० दिवसांहून जास्त कोरडे असेल तर आणखी ११ टक्के कमी धरायचे, आणि आमची खाचरे नोव्हेंबरपासून जूनपर्यंत कोरडीच असतात. त्यांत फक्त उरल्या ओलीवर कडवे वाल किंवा कुळीथ असतात. हळव्या जातीचे दिवस कमी आणि गरव्या जातीचे जास्त, म्हणजे जातीची निवडही या हिशेबात येतेच.

त्या छापील तक्त्यातला एकच आकडा इथे कोलमडतो. वरच्या खाचराचा मिथेन मुळातच कमी आहे. तिथे "वाचवलेल्या" मिथेनचे पैसे घेणे म्हणजे जे नव्हतेच ते विकणे होय. खालच्या खाचराचा मिथेन जास्त आहे, पण तिथून पाणी काढायचे म्हटले तर जुलैत ते काढणार कुठे? वहाळ दोन्ही काठांनी भरून वाहत असतो आणि बांधाचे तोंड उघडले तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते.

शेत आलटून पालटून भरण्या-सुकवण्याची जी पद्धत आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने विकसित करून पसरवली, ती साधी आणि शहाणपणाची आहे, यात शंका नाही. फूटभर लांबीचा, खालच्या निम्म्या भागाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप चिखलात पंधरा सेंटिमीटर रोवतात. आतले पाणी जमिनीच्या पातळीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी देतात, आणि पीक निसवण्याच्या सुमारास मात्र पाणी कमी पडू देत नाहीत. या पद्धतीने उत्पादन फारसे न घटता मिथेन निम्म्याच्या आसपास खाली आल्याचे अनेक देशांत दिसले आहे. शेत ओले-सुके होताना नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट प्रभावी आहे, म्हणून युरिया नेमका केव्हा द्यायचा याकडे लक्ष ठेवावे लागते. तरीही बहुतेक ठिकाणी एकूण फायदा उरतो. चीनमध्ये हंगामाच्या मध्यात शेत सुकवण्याची चाल १९८० नंतर मोठ्या प्रमाणावर रूढ झाली, ती पाणी आणि उत्पादन यांच्यासाठी; मिथेन कमी झाला तो ओघाने. पण या सर्व ठिकाणी पाणी सोडणे-थांबवणे माणसाच्या हाती आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडणाऱ्या कोकणात ही पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही.

नेरळ भागातून पसरलेले सगुणा भात तंत्र मला यासाठी महत्त्वाचे वाटते. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही नाहीत. एकदा केलेल्या गादीवाफ्यांवर बी टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. चिखलच केला नाही तर मातीची भोके बुजत नाहीत आणि मुळे हवेशीर राहतात, म्हणून मिथेनला तिथे वाव कमी असावा हे तर्काला धरून आहे. पण पाणथळीत गादीवाफा टिकेल का, हा प्रश्न उरतोच, आणि त्या एका कारणासाठी आम्ही ते अजून खालच्या खाचरात केलेले नाही.

आम्हाला जे करता आले ते फार लहान आहे. एक म्हणजे कापणीनंतर आठवडाभरात, जमिनीत ओल असतानाच, मागे राहिलेले धसकट आणि पेंढा नांगरून मातीत मिसळणे, म्हणजे तो सात महिने हवेत कुजतो. दुसरे म्हणजे युरियाच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी, जेव्हा काका तसेही पाणी काढतात, तेव्हा पाऊस उघडलेला असेल तर बांधाचे तोंड एका दिवसाऐवजी काही दिवस उघडे ठेवून खाचर सुकू देणे, आणि युरिया त्या सुकण्याच्या शेवटी, पाणी परत घेण्याच्या वेळी देणे. फुटवे धरून झालेले आणि पोटरी धरायची असलेली ही वेळ असते, त्यामुळे भाताला थोडा ताण सोसतो.

काकांची याला सहज संमती नव्हती. "तोंडचं पाणी घालवायचं आणि मग पाऊस नाही आला तर?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ त्याला खात्रीचे उत्तर नव्हते. वहाळाचे पाणी पाटाने पुन्हा घेता येईल, एवढेच मी म्हणालो. गेल्या ऑगस्टच्या उघडिपीत त्यांनी चार दिवस दिले. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघे खालच्या खाचरात उतरलो. चिखल पायाखाली रबरासारखा लागत होता, पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या, आणि भेगांच्या कडांना राखाडी चिखलावर तांबूस रंग चढू लागला होता. काकांनी त्या तांबूस कडेवरून बोट फिरवले, मधोमध जाऊन दोन-तीनदा जोराने पाय दाबला, थोडा वेळ पायाशी पाहत राहिले, आणि काही न बोलता बांधाकडे जाऊन वहाळाचे पाणी पाटाने आत घ्यायला मातीची ढेकळे बाजूला करू लागले.